तळटीप : कम्युनिटी कॉलेज

१. कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेतील दोन वर्षांचे, स्थानिक, कमी फीचे सरकारी महाविद्यालय. पहिले १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे पॅरामेडिक, अग्निशामक, श्वसनोपचार तंत्रज्ञ यांतले कितीतरी जण इथेच घडतात. फी माफ झाली तरी गाडी अडते ती वरखर्चापाशी. गणवेश, स्टेथोस्कोप, बसभाडे, परिचारिकेच्या परवाना परीक्षेचे २०० डॉलर. आणि सर्वांत जड म्हणजे रुग्णालयातले बिनपगारी प्रात्यक्षिकाचे तास, कारण तेवढ्या पाळ्या पोटापाण्याच्या नोकरीतून कमी होतात. मूळ मजकुरातील विद्यार्थिनी रात्रपाळी का सोडते, याचे उत्तर इथे आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘एसॅप’ योजना आणली. ती केवळ आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हती, पण तिचा धडा मोलाचा आहे. सरकारी मदत वजा जाता उरलेली फी, पुस्तकांना मदत, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटून विचारपूस करणारा सल्लागार, एवढे मिळालेल्यांपैकी ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत पदवीधर झाले. न मिळालेल्यांपैकी २२ टक्के. निव्वळ शुल्कमाफीवर थांबणाऱ्या योजना म्हणूनच मला अपुऱ्या वाटतात. – संपा.