ओळखीच्या फाइलींची यादी



आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे 'हॅश' म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको. पण आपल्यात डॉक्टर आहेत, सीए आहेत, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या गप्पा सुरू झाल्या की हळूच स्वयंपाकघरात मदतीला निघून जाणारेही आहेत. त्यांच्यासाठी आधी दोन ओळी.

कुठलीही फाइल घ्या. पत्र असो, फोटो असो, आख्खा पिक्चर असो. ती एका ठराविक गणिताच्या चरकातून काढली की शेवटी एक ठराविक लांबीचा आकडा हातात येतो, तो तिचा हॅश. एमडी-५ नावाच्या गणितात हा आकडा १२८ बिटांचा, म्हणजे लिहायला ३२ अक्षरं. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवला तरी आकडा पार बदलतो. आणि रसावरून जसा ऊस परत उभा करता येत नाही, तशी आकड्यावरून फाइल परत मिळत नाही. रिकाम्या, शून्य बाइटच्या फाइललासुद्धा हॅश असतो बरं का. एमडी-५ मध्ये तो 'डी ४१ डी ८ सी डी ९८' असा सुरू होतो आणि या धंद्यातल्या लोकांना तो शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ असतो.

आज लिहायचंय ते अशा आकड्यांच्या एका यादीबद्दल. जगातल्या 'माहितीतल्या' सॉफ्टवेअर फाइलींची यादी. ऐकायला रुक्ष वाटेल, पण या यादीचा उपयोग कोर्टात होतो. तेव्हा ती नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, यावर माणसाचं बरंच काही अवलंबून असतं.

सुरुवात १९८८ च्या नोव्हेंबरपासून करू. रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशीन्स लोळवली. त्याची चिरफाड करून रिपोर्ट लिहिणाऱ्यांत पर्ड्यू विद्यापीठातले जीन स्पॅफर्ड होते. पुढे १९९२ साली त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी जीन किम याने 'ट्रिपवायर' लिहिलं. कल्पना साधी. मशीन धडधाकट आहे तेव्हाच महत्त्वाच्या फाइलींचे हॅश काढून सुरक्षित ठेवायचे आणि रोज रात्री ताडून बघायचे. कुठली फाइल बदलली तर कुणीतरी घरात शिरलंय. एमडी-५ त्याच वेळी तयार झालं होतं. एमआयटीच्या रॉन रिव्हेस्टनी ते १९९१ मध्ये रचलं आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये ते सर्वांना वापरायला खुलं झालं.

पण ट्रिपवायर फक्त आपल्या घरापुरतं. 'माझी फाइल कालच्यासारखीच आहे का?' एवढंच ते विचारतं. पोलिसांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या घरातून उचललेला कॉम्प्युटर. त्यात विंडोजच्या हजारो फाइली, वर्डच्या हजारो, प्रिंटरचे ड्रायव्हर, गेम्स, फॉन्ट. आणि त्यात कुठेतरी संशयिताने स्वतः लिहिलेला एखादा हिशोब. आपल्याकडे तांदूळ निवडताना खडे शोधतात, इथे उलटं करायचं होतं. तांदूळ ओळखून बाजूला काढायचा, मग जे उरेल ते बघायचं.

हे काम पहिल्यांदा नीट केलं ते अमेरिकेच्या नॅशनल ड्रग इंटेलिजन्स सेंटरमधल्या ब्रायन डीअरिंग यांनी, १९९६ मध्ये. 'हॅशकीपर' नावाचा डेटाबेस. ड्रग्जवाल्यांच्या हिशोबाच्या फाइली शोधायला निघालेल्या माणसाला सॉलिटेअरची एक्सई फाइल उघडून बघायची वेळ येऊ नये, इतका व्यावहारिक उद्देश. (पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनचं ते सेंटर २०१२ मध्ये बंद झालं.)

मग वकिलाने विचारायचा तो प्रश्न आलाच. ही फाइल विंडोजची आहे असं तुम्ही म्हणता, ते कशावरून? पोलिसांनीच बनवलेल्या यादीवरून? यादीतला आकडा कुठल्या सीडीवरून घेतला? ती सीडी दाखवा.

इथे गोष्टीत निस्ट येते, म्हणजे अमेरिकेची वजन-मापांची सरकारी संस्था. १९०१ पासून ती किलो, मीटर आणि सेकंद सांभाळते. शिवाय प्रयोगशाळांना आपली यंत्रं तपासता यावीत म्हणून प्रमाणित पदार्थ विकते. त्यात चक्क पीनट बटरही आहे, आणि त्यात कुठला घटक किती आहे याचा दाखला बरणीबरोबर मिळतो. अशा संस्थेला फाइलींचं प्रमाणित वाचनालय करायला सांगितलं हे मला अगदी योग्य वाटतं. तपास करणारे एक, आणि मोजमाप ठेवणारे दुसरे.

मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला हे 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी' उभं राहिलं आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची यादी बाहेर पडू लागली, वर्षातून चारदा, सीडीवर. आत काय? एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोट्यवधींच्या घरात जाणाऱ्या ओळी. शा-१ हॅश, एमडी-५ हॅश, आणखी एक सीआरसी-३२, फाइलचं नाव, आकार, कुठल्या प्रॉडक्टमधली, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमची. फाइल स्वतः नाही, फक्त तिचा ठसा. त्यामुळे कॉपीराइटचीही भानगड नाही.

पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कपाट. यादी केल्यावर सॉफ्टवेअरचे डबे फेकून दिले नाहीत. बाजारातून विकत घेतलेले किंवा कंपन्यांनी दिलेले मूळ डबे, फ्लॉप्या, सीड्या जपून ठेवल्या. कोर्टात कुणी शंका काढली तर यादीतल्या ओळीवरून थेट त्या डब्यापर्यंत जाता यावं आणि हॅश परत काढून दाखवता यावा म्हणून. आपल्या तलाठ्याकडचा उतारा आणि मूळ रजिस्टर यांचं जे नातं, तेच. आम्ही इंजिनियर लोक गणिताचं कौतुक करतो, पण ही यादी कोर्टात टिकते ती कुणीतरी डबा विकत घेतला, नंबर घातला आणि फळीवर ठेवला म्हणून.

या फळ्यांवरून एक छान आडवाट फुटते. स्टीफन कॅब्रिनेटी नावाच्या अमेरिकन तरुणाला जुने गेम्स आणि सॉफ्टवेअर जमवायचा नाद होता. १९९५ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. मागे राहिलेला हजारो डब्यांचा संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला. पुढे स्टॅनफर्डने निस्टशीच हातमिळवणी केली आणि त्या जुन्या फ्लॉप्या वाचून त्यांच्या प्रती आणि हॅश काढून घेतले. गुन्हे शोधायला उभारलेली यंत्रणा कुणाच्या तरी लहानपणीचे गेम्स वाचवायला कामी आली.

आता खरा मुद्दा. या यादीत नाव असणं म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. निस्टनेही शब्द जपून वापरलाय, 'नोन', म्हणजे माहितीतली. 'नोन गुड' नव्हे. लायब्ररीत पासवर्ड फोडायची अवजारं आहेत, फोटोत मजकूर लपवायची सॉफ्टवेअरं आहेत. तीही कुणीतरी बाजारात आणली, यांनी घेतली आणि नोंदवली. उलट, बेकायदा चित्रांचे वगैरे हॅश या यादीत मुळीच नाहीत. म्हणजे ही गुन्हेगारांची यादी नाही आणि सज्जनांचीही नाही. यादीत नसलेली फाइलही संशयास्पद ठरत नाही. तुमच्या मुलीने शाळेसाठी लिहिलेला निबंध यादीत नसतो. इन्स्टॉल होताना तुमच्याच मशीनवर तयार होणाऱ्या सेटिंग्जच्या फाइली नसतात. कुठल्या तरी गावातल्या प्रोग्रामरने एका दुकानापुरतं लिहिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर नसतं. 'अनोळखी' याचा अर्थ एवढाच, की तो डबा अजून त्या फळीवर पोचलेला नाही.

आपल्याकडे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, तिथे ज्यांचे ठसे असत ते बहुतेक गुन्हेगारच. इथे बरोब्बर उलट आहे, ज्यांच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही त्यांचे ठसे ठेवायचे. अँटिव्हायरसवाल्यांची जुनी पद्धत मात्र कलकत्त्याच्या कचेरीसारखी. पुण्याच्या काटकर बंधूंच्या क्विक हीलपासून मॅकफीपर्यंत सगळ्यांनी वाईटांच्या खुणा जमवल्या. पण नुसती वाईटांची यादी ठेवली की काय होतं ते २१ एप्रिल २०१० ला दिसलं. मॅकफीच्या त्या दिवशीच्या अपडेटने विंडोज एक्सपीच्या 'एसव्हीसीहोस्ट' या अगदी मूळ फाइललाच व्हायरस ठरवलं. मशीन्स बंद-चालू, बंद-चालू. आपल्यापैकी जे तेव्हा सपोर्टला होते त्यांना तो बुधवार आठवत असेल. ज्या फाइलीचा ठसा जगजाहीर होता, तिला हात लावण्याआधी माहितीतल्या फाइलींशी ताडून बघितलं असतं तर हे टळलं असतं.

या सगळ्याचा पाया एमडी-५, आणि तोच २००४ च्या ऑगस्टमध्ये हादरला. सांता बार्बराच्या क्रिप्टो परिषदेत चीनच्या शांडाँग विद्यापीठातल्या वांग शियाओयुन यांनी एकच एमडी-५ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली दाखवल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणतात. पुढच्याच वर्षी सिडनीत एका वाहनचालकाच्या वकिलाने याचा फायदा उठवला. स्पीड कॅमेऱ्याच्या फोटोवर एमडी-५ चा शिक्का होता. त्यात फेरफार झालेला नाही असं सांगणारा तज्ज्ञ आणा, असं कोर्टाने सरकारला सांगितलं. तज्ज्ञ आला नाही, केस गेली.

मग निस्टची यादी का नाही कोसळली? इथे एक फरक आहे आणि तो भल्याभल्यांच्या बोलण्यात निसटतो. वांगबाईंनी जुळी जन्माला घालून दाखवली, दोन्ही फाइली त्यांनीच बनवलेल्या. आधीपासून अस्तित्वात असलेल्या एखाद्या फाइलीचा तोतया बनवणं हे निराळं आणि अतिशय कठीण काम. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा जो तोतया उभा राहिला, तो कित्येकांना पटला होता. एमडी-५ च्या बाबतीत तसला तोतया आजवर कुणालाही प्रत्यक्ष उभा करता आलेला नाही. म्हणजे विंडोजच्या छापून झालेल्या सीडीवरच्या फाइलीच्या नावाखाली व्हायरस लपवणं जमत नाही. शिवाय यादीत शेजारीच शा-१ होता, दोन्ही एकदम जुळवायचे म्हणजे आणखी कठीण.

पण जुळ्यांपासून धोका नाही असं मात्र समजू नका. ज्याच्या हातात दोन्ही फाइली बनवणं आहे, तो चांगली आधी नोंदवून घेईल आणि वाईट नंतर वाटेल. २०१२ मध्ये सापडलेल्या 'फ्लेम' या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने याच जातीची युक्ती वापरून मायक्रोसॉफ्टची सही असल्यासारखं दाखवणारं सर्टिफिकेट मिळवलं होतं. म्हणून 'हॅश जुळला' म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, फाइल बनवली कुणी आणि आकडा काढला कुणी? २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने शा-१ चीही जुळी काढली, दोन पीडीएफ. कुणीतरी ती जोडी वेबकिटच्या सोर्स कोडच्या भांडारात टाकून बघितली आणि ते भांडारच अडकून बसलं. निस्टने शा-१ ला २०३० अखेरपर्यंतची मुदत दिली आहे, आणि त्यांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत शा-२५६ आला आहे.

कायद्याचा प्रश्न याहून अवघड. पेनसिल्व्हेनियाच्या एका फेडरल कोर्टात २००८ साली सरकारने म्हटलं, आम्ही आरोपीच्या फाइली उघडल्याच नाहीत, नुसते हॅश काढून यादीशी ताडले, मग ही झडती कशी? कोर्टाने मानलं नाही. आख्ख्या डिस्कच्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढणं हीसुद्धा झडतीच, आणि ती वॉरंटशिवाय झाली, असा निकाल दिला. आरोप लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या चित्रांचा होता, म्हणजे आरोपीबद्दल सहानुभूती वाटावी असं काही नाही. तरीही मला तो निकाल बरोबर वाटतो. घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावून मोजल्यावर 'आम्ही काही पाहिलं नाही' असं कसं म्हणता येईल?

भारतातही हे आता वकिलांपुरतं राहिलेलं नाही. २००० च्या आयटी कायद्याखालच्या नियमांत डिजिटल सहीसाठी एमडी-५ आणि शा-१ यांची नावं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जोडायच्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय. त्यात पुराव्याचा हॅश लिहायचा आणि तो कुठल्या पद्धतीने काढला त्यावर खूण करायची. शा-१, शा-२५६, एमडी-५, किंवा इतर. नमुन्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पुण्यातल्या फ्लॅटवरून बिल्डरशी वाद चालू असेल आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज कोर्टात द्यायचे असतील, तर हा कागद तुम्हालाही भरावा लागेल. तेव्हा शा-२५६ वर खूण करा. आणि ज्या फोनवरून किंवा डिस्कवरून आकडा काढलात, ते मूळ यंत्र एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका.