सूट आणि नकार : अमेरिकी पालकांच्या चाचणीविरोधाचा अन्वय

मराठीत सूट मागावी लागते, नकार द्यावा लागतो. सूट देणारी सत्ता असते; नकार देणारा बहुधा सत्ताहीन असतो. शालेय प्रमाणित चाचण्यांपासून आपल्या मुलांना दूर ठेवणाऱ्या अमेरिकी पालकांचा इतिहास या दोन क्रियांमधील अंतर लक्षात घेऊनच वाचावा लागतो.

जानेवारी २००२ मध्ये संमत झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची वाचन व गणित या विषयांची वार्षिक चाचणी राज्यांवर बंधनकारक केली. किमान ९५ टक्के उपस्थितीची अटही त्यात होती. दुर्बळ विद्यार्थ्यांना वगळून शाळांनी आपला निकाल सजवू नये, हा या अटीमागील हेतू न्याय्यच होता.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षणसंहितेत पालकांच्या लेखी विनंतीवरून चाचणी माफ करण्याची तरतूद आहे. न्यूयॉर्क राज्यात तशी तरतूद नव्हती. म्हणून तेथील पालकांच्या पत्रांतून विनंती गळाली आणि नकार उरला. २०१३ मध्ये तेथे अधिक कठीण चाचण्या आल्या. २०१५ मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनात चाचणीतील गुणांचे महत्त्व वाढवणारा कायदा झाला. त्या वर्षी सुमारे २० टक्के पात्र विद्यार्थी चाचणीस बसले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याच्या रीजंट मंडळाने मूल्यमापनातील या गुणांचा वापर स्थगित केला. २०१८ पासून प्रत्येक विषयाची चाचणी तीनऐवजी दोन दिवसांची झाली.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवणे अगत्याचे आहे. विरोधाचा जोर लाँग आयलंडसारख्या, तुलनेने सुस्थित उपनगरांत होता. मे २०१५ मध्ये १२ नागरी हक्क संघटनांनी त्याला जाहीर हरकत घेतली. कृष्णवर्णीय, गरीब व अपंग मुलांची उपेक्षा याच आकड्यांमुळे उघड होते, ही त्यांची भूमिका होती.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने या नकारपत्रांचे स्वरूप लक्षणीय आहे. अनेकांचा मजकूर तयार नमुन्यावरून उतरवलेला असे. स्वाक्षरी मात्र ज्याची त्याची. एकेका घरातून निघालेल्या अशा पत्रांना सामूहिक अर्थ मिळाला तो टक्केवारीमुळे. ज्या मोजणीला पालकांनी नकार दिला, तिनेच त्यांचा नकार मोजला आणि शासनाला तो ऐकावा लागला. ज्या मुलांची उपेक्षा केवळ आकड्यांतूनच दिसते, त्यांच्या पालकांना मात्र हा नकार परवडणारा नव्हता.