जुना ट्रॅक्टर आणि बीडचा मिस्त्री

बीड जिल्ह्यातील ट्रॅक्टर मिस्त्रीची विद्या मुळात विहिरीच्या काठावरची. मोट मागे पडून ऑइल इंजिन आले, तेव्हा हँडल मारून ते सुरू करणारा, नोझल साफ करणारा, रिंगा बदलणारा माणूस लागू लागला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि खेड्यांत वीज पोहोचायला बराच अवकाश होता. एका सिलिंडरवर बसलेला हात पुढे ट्रॅक्टरकडे वळला.

काळ्या जमिनीतली हरळी आणि कुंदा उपटायला लोखंडी नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. आयशरने १९५९ साली फरिदाबादला ट्रॅक्टर बांधायला घेतला, १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, तर १९७१ पासून पिंजोरला एचएमटीचा झेटर २५११ तयार होऊ लागला. १९७२च्या दुष्काळाने दावणी रिकाम्या केल्या. पुढे जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगाव धरणामुळे ऊस वाढला, कारखाने आले आणि नांगरटीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढू लागला.

प्रत्येक इंजिनाची तऱ्हा वेगळी. जुन्या आयशरला एकच सिलिंडर, तेही हवेने थंड होणारे, म्हणजे रेडिएटरची कटकटच नाही. एचएमटीला दोन, मॅसी १०३५ला तीन. निदानाचा क्रम मात्र सगळीकडे सारखाच आणि स्वस्तापासून सुरू होणारा. इंजिन फिरते पण पकडत नाही, तर आधी ‘एअर धरली’ का ते पाहायचे. टाकी कोरडी पडली किंवा पाइपाचा वॉशर सैल झाला की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची कळ हाताने मारत राहिले की आधी फेस येतो, मग बुडबुड्यांविना धार.

त्यानंतर धूर. ओझ्याखाली काळा धूर निघाला तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. बीडच्या उन्हाळी नांगरटीत एअर क्लीनरच्या ऑइलचा धुळीने चिखल होतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट तपासावे लागते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. ऑइलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंप किंवा मुख्य पंप गळतो आहे.

इंजिन ‘मिसिंग’ करत असेल तर संथ चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतात. नट सोडताच आवाज पडला तर ते सिलिंडर काम करते आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच. ठोका कुठून येतो हे ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात. पंप मात्र गावचा शहाणा मिस्त्री उघडत नाही. त्यातले प्लंजर इतके नेमके बसवलेले असतात की चाचणी बाकाशिवाय त्याला हात लावणे म्हणजे आगाऊपणा. म्हणून ‘मायको’चा पंप शहरातल्या पंप-नोझलवाल्याकडे जातो. ही कंपनी १९५१ साली स्थापन झाली.

धूर दिसला की लगेच बोअर-पिस्टन काढण्याची घाई हा या धंद्यातला जुना दोष. ऊस हंगाम तोंडावर असताना मालकालाही धीर नसतो. ब्रीदरमधून धुराचे लोट येणे, ऑइल सतत कमी होणे आणि कॉम्प्रेशन उतरणे या तिन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय इंजिन उघडू नये.

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे इंजिन आले. त्यांचा दोष शोधायला स्कॅनर लागतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरला आजही पाना, कान आणि धुराचा रंग पुरतो.