अर्ध्या बाटलीचा खटला

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. एप्रिल १९५० मध्ये मुंबई शहरात संपूर्ण दारूबंदी आली आणि मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात एका नव्या आरोपीची ये-जा सुरू झाली. हा काही भट्टीवाला नव्हे. काळा गूळ आणि नवसागर आणणारे बहुधा पडद्यामागेच राहत. पुढे उभा राही तो पिशवीत अर्धी बाटली सापडलेला मजूर.

अशी केस वरवर सोपी दिसते. झडती, पंचनामा, बाटलीवर लाखेचं सील, मग रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. शिवाय कायद्याच्या कलम १०३ मुळे, जवळ सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा आरोपीनंच द्यायचा. तरीही फिर्यादी पक्षाची गाडी पंचांपाशी अडायची. पंच वस्तीतलेच प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असा नियम. पण शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला प्रतिष्ठित माणूस कशाला येतोय?

खरा पेच मात्र बाटलीत काय आहे, याचा होता. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्यावरची, वापरण्यावरची बंदी रद्द केली. मग आल्याच्या टिंक्चरला अचानक गिऱ्हाईक वाढलं, हे वेगळं सांगायला नको! पाठोपाठ पेसिकाका खटला आला. मुंबईत जीपच्या अपघातानंतर चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला. आपण औषध घेतलं होतं, असं त्याचं म्हणणं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या प्रकारातलंच होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

नुसत्या वासावर केस उभी राहीना. तेव्हा १९५९ मध्ये सरकारनं कायदा दुरुस्त केला. शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघालं, तर आपण औषधच घेतलं होतं हे दाखवण्याची जबाबदारी आता आरोपीवर आली. माझ्या मते या कायद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. गाजावाजा झाला तो पुढच्या काळात मिळालेल्या सवलतींचा.

हे सगळे बारकावे वकील लावणाऱ्याच्या उपयोगाचे. ऐपतदार माणसाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना काढण्याची सोय कायद्यातच होती. मजुराला एवढंच कळायचं की तारखेला आलो तर रोजगार बुडतो. मग सील नीट होतं की नाही, बाटलीत नेमकं काय होतं, हे कुणी विचारण्याआधीच तो ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळा व्हायचा.

२०१२ मध्ये कायद्याचं नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झालं. दारू पिण्याबद्दलचं आणि जवळ बाळगण्याबद्दलचं कलम ६६ त्याच आकड्यानं कायम राहिलं.