देवमासा, जाळे आणि मच्छीमार

देवमाशाची शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर भाला येतो. शिकार थांबल्यावर या प्राण्यापुढे कोणते संकट उभे राहिले, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ते समजून घेण्यासाठी आपण कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर जाऊ या.

या बेटावरचे लोक कित्येक पिढ्या कॉड माशावर जगले. जून-जुलैत कॅपेलिन नावाचे वीतभर लांबीचे मासे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. त्यांच्यामागे कॉड येतो, कॉडसाठी मच्छीमार जाळी लावतात. आणि त्याच कॅपेलिनसाठी हंपबॅक देवमासाही येतो. एकाच अन्नसाखळीतली ही गर्दी नेमकी एका खाडीत, एकाच महिन्यात होते.

तिथले जाळे म्हणजे पाण्यात टांगलेली एक मोठी खोलीच. तळ आहे, चार भिंती आहेत, वर छप्पर नाही. किनाऱ्यापासून निघालेले एक लांब, सरळ जाळे थेट तिच्या दाराशी जाते. आडवे जाळे लागले की कॉड खोल पाण्याकडे वळतो आणि आपसूक खोलीत शिरतो. कोकणातल्या डोलीसारखे हेही एका जागी बांधलेले जाळे. पण डोल चालते भरती-ओहोटीच्या प्रवाहावर, हे चालते माशाच्या सवयीवर. सुताच्या जागी नायलॉन आल्यावर जाळी कुजेनाशी झाली, सहजी तुटेनाशीही झाली.

कॅनडाने 1972 मध्ये देवमाशांची व्यापारी शिकार बंद केली. पण त्याच दशकात खोल समुद्रातले कॅपेलिन घटले आणि हंपबॅक अधिक संख्येने किनाऱ्याकडे येऊ लागले. डॉल्फिनप्रमाणे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढण्याची सोय हंपबॅककडे नाही. ते जाळ्यात अडकू लागले. तीसेक टनांचा हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो. वर येता आले नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो. इकडे जाळ्याच्या चिंध्या होतात आणि मच्छीमाराचा वर्षभराचा हंगाम हातचा जातो. तो बंदूक उचलत असेल तर त्याला क्रूर म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही.

1978 मध्ये अशाच एका अडकलेल्या देवमाशासाठी मेमोरियल विद्यापीठातल्या जॉन लीन यांना बोलावणे आले. लीन हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक. रबरी होडी, आकडे आणि सुऱ्या एवढ्या सामानानिशी ते देवमाशाजवळ जात आणि दोऱ्यांचा गुंता सोडवीत. जाळे शक्यतो न कापता सोडवायचे, हा त्यांचा कटाक्ष. त्यामुळेच मच्छीमार त्यांना बोलावू लागले. देवमासा वाचवायला आलेला माणूस आपले जाळेही वाचवतो, हे त्यांना दिसत होते. पुढच्या काळात लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक देवमासे मोकळे केले.

पण अडकल्यावर सोडवण्यापेक्षा अडकूच न देणे बरे. ज्याला जाळे वेळेवर दिसत नाही, त्याला ते ऐकू आले तर? पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. लीन यांनी जाळ्यांना आवाज करणारी साधी यंत्रे बांधून पाहिली आणि देवमाशांच्या धडका कमी झाल्या. याच कल्पनेवर 1994 मध्ये अमेरिकेच्या मेन आखातात लहान शिंशुकांसाठी प्रयोग झाला. तिथे जाळ्यांत मरणाऱ्या शिंशुकांची संख्या फारच खाली आली.

न्यूफाउंडलंडची जाळी मात्र वेगळ्याच कारणाने पाण्याबाहेर आली. अतिमासेमारीने कॉड संपत आला आणि जुलै 1992 मध्ये सरकारने त्याची मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. देवमासे अडकण्याचे प्रमाणही अर्थातच घटले.

जाळ्याच्या किमतीचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही आहे. डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात, कासव, देवमुशी किंवा डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची सोय झाली. पुरावा म्हणून तो होडीतूनच फोटो काढतो.