वाडीतल्या ठिपक्यांची रेघ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वाड्या एकाहून अधिक आहेत. अशा वाडीवरच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस आला की काटा टांगायचा, झोळीत पोर बसवायचं आणि आकडा वाचायचा. मग वाढीचा तक्ता उघडायचा. आडवं वय, उभं वजन. दोन्ही मिळतील तिथे ठिपका, आणि तो मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडायचा.

या रेघेला यायला फार उशीर लागला. फ्रान्समध्ये माँबेयार यांनी 1759 ते 1777 अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची मोजली आणि निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी ते आकडे छापले. त्यांचा आलेख मात्र अमेरिकेत स्कॅमन यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केला.

खरी कलाटणी दिली डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी. नायजेरियातल्या इमेसी-इले गावी काम करताना त्यांनी तक्ता दवाखान्याच्या कपाटातून काढून आईच्या हाती दिला. कार्डावर दोन वक्ररेषा, त्यांच्यामधून जाणारी आरोग्याची वाट. मूल किती किलोचं, यापेक्षा रेघ कुठे निघाली हे त्यात आधी दिसतं. रेघ चढती असेल तर ठीक. आडवी झाली तर मूल उघड हडकण्याआधीच सावध व्हायचं. वैद्यकीय आकड्यांचं इतकं नेमकं चित्र क्वचितच कुणी काढलं असेल.

भारतात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या तक्त्यावर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 1972 च्या वर्गीकरणानुसार कुपोषणाच्या चार श्रेण्या आल्या. अहवालासाठी त्या सोयीच्या होत्या, पण सगळं लक्ष तिसऱ्या-चौथ्या श्रेणीकडे गेलं आणि पहिलीतून दुसरीत घसरणारं मूल मागे राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये नवी मानकं दिली. त्यासाठी मोजलेल्या सहा देशांतल्या मुलांत दिल्लीचीही होती. 2008 मध्ये भारताने ती स्वीकारली. मुलामुलींचे तक्ते वेगळे झाले, आणि पट्टे हिरवा, पिवळा, नारिंगी. दंडघेराची पट्टी त्याहून सोपी: सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंड 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की लाल. तिथे आकडा वाचता यावाच लागत नाही.

रेघ तुटते तेव्हाही ती बोलते. या भागातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेव्हा त्यांच्या मुलांच्या तक्त्यावर ठिपकेच पडत नाहीत. ती कोरी जागा म्हणजे मूल कुणाच्याच नजरेत नसल्याचे महिने. नुसत्या टक्केवारीत ते दिसत नाही.

2021 पासून वजनं पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सेविकेच्या फोनमध्ये जातात. वरच्या कार्यालयाला त्याने माहिती लवकर मिळते. पण पोराला खाऊ घालणारी आई वाडीवर आहे. फोनवर नोंद झाली तरी तिच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर त्याच दिवशी, तिच्या डोळ्यांदेखत ठिपका पडलाच पाहिजे.