फेरफार क्रमांकाची वाटचाल

शेताची ओळख भूमापन क्रमांकाने पटते; फेरफार क्रमांक मात्र हक्क कोणत्या क्रमाने बदलले, एवढेच सांगतो. विदर्भातल्या भद्रावती तालुक्यातील माजरीसारख्या कोळसा खाणींच्या गावात हा फरक मोलाचा ठरतो.

विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तेथे 1954 ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता चालू होती. 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली आणि राज्यभर एकच कायदा झाला.

या कायद्यानुसार वारसा, खरेदी, वाटणी किंवा बोजाची खबर मिळाली की तलाठी गाव नमुना 6 मध्ये पुढचा क्रमांक घालून नोंद धरतो, संबंधितांना नोटीस बजावतो. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की सातबारावर अंमल होतो. नोंद नामंजूर झाली, तरी तिचा क्रमांक दुसरीला मिळत नाही. एका फेरफारात अनेक शेते येतात, एका शेतावर अनेक फेरफार पडतात. शिवाय प्रत्येक गावाची मालिका स्वतंत्र असल्याने गावाच्या नावाविना क्रमांक अपुरा असतो.

ई-फेरफार प्रणालीत हा आकडा संगणक आपोआप वाढवतो. शेताची ओळख मात्र भूमापन क्रमांकाकडेच राहिली आहे.